बावीस सेकंद

५ जानेवारी २००४
आले एकदाची शिरूरला! खोली एसटी स्टँडामागे, म्हणजे गजराचा खर्च वाचला. हॉस्पिटल छोटं, भूल देणारी मी एकटीच, त्यामुळे रुबाब मोठा. थिएटरच्या सिस्टर सोजरबाईंनी आल्या आल्या दम दिला, की इथं उपाशीपोटी कुणी उभं राहायचं न्हाई.

१२ जानेवारी
पुण्याच्या परिषदेसाठी माझा अभ्यास सुरू. लहान मुलांच्या घशात बसवायचे दोन मास्क, एक जुना, एक नवा. श्वासाची नळी कोणत्या मास्कमधून लवकर आत जाते, ते गळ्यातल्या स्टॉपवॉचवर मोजायचं. दोन प्रयत्नांत गेली नाही तर सगळं काढून आधी पिशवीने श्वास द्यायचा आणि तो मास्क नापास लिहायचा. नियम मीच केलाय. नवा मास्क माझा लाडका.

१९ फेब्रुवारी
एकोणीस मुलांत नवा मास्क एकदाही नापास नव्हता. आज विसावा, शेवटचा: शंभू, तीन वर्षांचा, हर्नियासाठी आलेला. दोन प्रयत्न फसले. मी थांबले नाही. पोर निळं पडत होतं आणि मला अभ्यासाचा फॉर्म दिसत होता. चौथ्यांदा नळी गेली. लिहिलं: पहिला प्रयत्न, बावीस सेकंद. सोजरबाईंनी मान खाली घातली.

२२ फेब्रुवारी
शंभू शुद्धीवर आलाच नाही. सकाळी गेला. त्याच्या आजोबांना, रखमाजी आबांना, मी सांगितलं की भूल सोसली नाही. त्यांनी मलाच हात जोडले. म्हणाले, तुमी लई झटलात, बाई. मला माझी शरम वाटते.

२४ फेब्रुवारी
दहा वाजता, शंभूला भूल दिली त्या वेळेला, स्टॉपवॉच आपोआप सुरू झालं. माझा श्वास बंद. बावीस सेकंदांनी ते थांबलं, तेव्हा श्वास आला.

२५ फेब्रुवारी
सत्तर सेकंद. सेल काढून ठेवला होता. संध्याकाळी घड्याळ घोडनदीत टाकून आले.

२६ फेब्रुवारी
एप्रनच्या खिशात होतं. ओलं. आज एकशे चाळीस — शंभूचे खरे दोनशे दहा होते. मला माहीत आहे. सोजरबाईंनाही.

२७ फेब्रुवारी
आबा शंभूच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आले. दहाच वाजले होते. खरं सांगायला तोंड उघडलं आणि — काटा फिरू लागला. पडले. आबांनी माझं नाक पुसलं, तोंडात फुंकर घातली. घड्याळ थांबलं. म्हणाले, कोकरू गुदमरलं की आमी आसंच करतो. तुमीबी माझ्या शंभूला घातलीच आसंल की.
मी मान हलवली. हो म्हणून.

२८ फेब्रुवारी
दहाला पाच कमी. दार आतून लावलंय — आबांची फुंकर मला नको. तेवढी लायकी नाही —
फॉर्म क्रमांक वीस. खरे प्रयत्न चार. खरे सेकंद दोनशे दहा.
सुरू झालं —
आबा, तुमच्या शंभूला मी फुंकर