कानातल्या मशीनची बॅटरी

अहो,

तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा भंगारवाला माणसं घेऊन आला आणि माझ्या आईच्या खोलीतले तुमचे सगळे जुने कॉम्प्युटर, सर्व्हर उचलून घेऊन गेला. फरशीवरून ओढताना केवढा दणदणाट झाला! पण कानातली मशीनं काढून ठेवली की तुमच्या कानाशी नगारे वाजवले तरी तुम्ही हलत नाही.

तुमची शिस्त मात्र मी मोडली नाही. नेण्याआधी प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढलेत. स्क्रू तेवढे ठेवून घेतलेत, टेबलावर आहेत. आणि मशीन ठेवून द्यायचं तर आधी बॅटरी काढायची, नाहीतर ती गळून आतलं सगळं खाते, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हणून तुमच्या कानातल्या मशीनच्याही बॅटऱ्या काढून सोबत नेतेय. नव्या बॅटऱ्यांसाठी दुकान आता सोमवारीच उघडेल.

आईला ताईकडे धाडून तिची खोली त्या खोक्यांना दिलीत, तेव्हा मी गप्प बसले. ती गेल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही सर्व्हर सुरू होतानाचा आवाज रेकॉर्ड करत होतात. मला म्हणालात, "जरा बाहेर जाऊन रड, रेकॉर्डिंगमध्ये येतंय." गेले मी बाहेर.

जेवण झाकून ठेवलंय. मी ताईकडे चाललेय, न्यायला येऊ नका.

निघण्याआधी तुमच्या उशाशी बसून मनातलं सगळं बोलून टाकलं, चांगला आवाज चढवून. आता पुन्हा सांगणार नाही.