पेल्यातली पाचवी वस्तू

॥ श्री ॥
ड्रोहेडा, ९ फेब्रुवारी

ती. गिरिजाताईस,
विजूचा शि. सा. न.

पार्सल परवा पोहोचले. मेतकूट अर्धा किलो, भाजणी, सांडगे, वातींच्या दोन जुड्या आणि कुंकू. कुंकवाची पुडी फुटून एक जुडी लाल झाली, बाकी सगळे नीट. टपालाचे दोन हजार एकशे चाळीस लागले म्हणे! ताई, आतल्या मालापेक्षा ते जास्त. पुढच्या वेळी माझ्या ध्रुवच्या कोणा मित्राबरोबर दे.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाईलवर टाइप करणे जमत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आतड्याची सूज अजून आहे, रक्तही जाते. हॉस्पिटलच्या गोळ्या चालूच आहेत. त्या डॉक्टरांना विचारून सूनबाई पूर्वीने मला गावातल्या एका चिनी वैद्यबाईंकडे नेले. आतड्याच्या दुखण्यावरचा त्यांचा फार जुना काढा आहे, चार मुळ्या-सालींचा. एका मुळीवर पांढरी लव असते, म्हणून तिचे नाव 'पांढऱ्या केसांचा म्हातारा'. मी म्हटले, म्हातारा तर म्हातारा, रक्त थांबव बाबा! काडेचिराईत गोड वाटावे इतका कडू. आज आठवडा झाला.

पूर्वी ऑफिसचे काम सुरू करण्याआधी पाऊण तास उभी राहून तो उकळते. सुनेला मी आळशी म्हटले होते, ते शब्द परत घेते. पहिल्याच दिवशी तिला विचारले, यात जनावराचे काही नाही ना? नाही म्हणाली. म्हणून रोज पेला आधी अंबाबाईपुढे ठेवते, मग पिते.

तुझी माया अशीच असू दे.
तुझी विजू

*

सातारा, २४ फेब्रुवारी

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जिवात जीव आला. टपालाचं गाऱ्हाणं पुरे. तू मॅट्रिकला गणितात पहिली आलीस, ते आम्हाला अजून भोगावं लागतंय.

एक सांगते, रागावू नकोस. काढा देवीपुढे कशाला ठेवतेस? औषधाचा नैवेद्य कोणी दाखवतं का? औषध ते औषध, गुपचूप प्यावं नि तोंडात खडीसाखर टाकावी. आणि पूर्वीला फार प्रश्न विचारू नकोस. परक्या देशात नोकरी सांभाळून करते पोर.

तब्येत लगेच कळव.
तुझी ताई

*

ड्रोहेडा, १५ मार्च

ती. गिरिजाताईस,
शि. सा. न.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. काल वरच्या प्रेसमध्ये साबुदाणा शोधताना मागे एक डबी सापडली. आत आंबापोळीसारख्या काळ्या तकतकीत वड्या. डबीवर गाढवाचे चित्र.

संध्याकाळी वैद्यबाईंकडे जायचेच होते. पूर्वी गाडी लावत होती तोवर मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोन बोटे कानांसारखी डोक्याला लावून दाखवली, मग स्वतःच्या हाताची कातडी चिमटीत धरली. हसत होत्या, बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हते. गाढवाच्या कातड्याचा सरस, ताई. रक्त फार गेलेल्या बाईला द्यायचा असतो. पहिल्या दिवसापासून काढ्यात विरघळत होता.

एकेचाळीस दिवस मी तो पेला देवीपुढे ठेवला.

घरी येईपर्यंत पूर्वी रडत होती. ध्रुव म्हणाला, आई, तू बरी झालीस ना, मग सगळं ग्रँड आहे. इथे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात. रक्त थांबले हे खरे. गोळीने की काढ्याने, अंबाबाईलाच ठाऊक. पण मी विचारले होते, आणि माझ्या तोंडावर नाही म्हटले गेले. तिला म्हटले, तुझ्या आईला असे पाजले असतेस का? तेव्हा ती एवढेच म्हणाली, की मी गिरिजामावशींना विचारून केलं.

ताई, ही पोरगी घाबरून स्वतःवरचे तुझ्यावर ढकलते आहे. तिने तुला विचारले नव्हते असे लिही, म्हणजे तिला दाखवीन.

विजू

*

सातारा, ३० मार्च

चि. विजूस,
आशीर्वाद.

पूर्वी खोटं बोलत नाही. तिनं मला मोबाईलवर मेसेज केला होता, की मावशी, यात जनावराचं आहे, आईंना सांगू का? मीच लिहिलं, सांगू नकोस. सांगितलंस तर मरेल पण पिणार नाही.

आईचं आठवतंय ना? हेच दुखणं. कॅप्सूलचं टोपण हाडांपासून करतात असं कोणीतरी तिच्या कानावर घातलं आणि तिनं तोंड मिटलं ते शेवटपर्यंत. तू तेव्हा सासरी होतीस. मी सतरा दिवस तिच्या उशाशी कॅप्सूल हातात घेऊन बसले होते, विजू. पुन्हा तशी बसणार नव्हते.

देवीचं पाप माझ्या नावावर लिही. पूर्वीशी बोल.

ताई

*

॥ श्री ॥
ड्रोहेडा, १४ एप्रिल

ती. गिरिजाताईस,
सा. न.

पत्र मिळाले. पूर्वीशी बोलते, तिने थोरल्यांचे ऐकले. तुझ्याशी कसे बोलायचे ते अजून कळत नाही.

पुन्हा वैद्यबाईंकडे गेले, या वेळी ध्रुवला शेजारी बसवून एकेक शब्द विचारून घेतला. त्या म्हणाल्या, पाचवी वस्तू नको असेल तर वगळता येते, मूळ काढा चारांचाच आहे. पहिल्या दिवशीच पूर्वीला म्हणाल्या होत्या, की सासूबाईंना विचारून या. आता चारांचाच पिते. पूर्वी मोजते, मी पाहते, मग भांडे चुलीवर चढते.

ताई, आईला तू विचारलेस. सतरा दिवस विचारलेस, आणि ती नाही म्हणाली. मला एकदाही विचारले नाहीस. मी आई नव्हे. वगळा म्हटले असते. वगळता आले नसते, तर डोळे मिटून दे म्हटले असते की तोंड फिरवले असते, ते मलाही सांगता येत नाही, आणि आता कधीच कळायचे नाही. तेवढे माझे होते, तेही तू घेतलेस.

अंबाबाई महिनाभर वस्त्रात गुंडाळून ठेवली आहे. हात लावायला धजत नाही. तिथल्या गुरुजींकडे जा आणि काय करायचे ते विचार. त्यांना सगळे सांग: गाढव, एकेचाळीस पेले, आणि तुझा तो मेसेजही. ते म्हणतील तेच लिही, मला बरे वाटेल ते नव्हे. तुझ्याशिवाय तिथे मला दुसरे कोण आहे? तुझ्यावरच विसंबावे लागते आहे.

उत्तर उलट टपाली धाड. तोवर देव्हारा रिकामा आहे.

विजू