तुकडा अकरा, नाव क्लाइव्हचं

२ मार्च

नाही म्हणाले! सरळ नाही.

"ग्लेनिस, तुकडा क्लाइव्हच्या नावावर आहे. आम्ही तरी काय करणार?" — हा मर्विन, मळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष. बोलताना मान खाली आणि हात पुढे. फाटकाची चावी दे म्हणून! बारा वर्षं माझ्या खिशात होती ती चावी. दिली. फेकून मारायला हवी होती.

नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या नावावर का, तर नगरपालिकेने भाजी लावायला टेकडीचे तुकडे भाड्याने वाटले त्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांच्या ढिगापुढे उभी होते. म्हणून तो गेला. एवढंच त्याचं कर्तृत्व. पुढे वर्षातून दोनदा उगवायचा — एकदा बिअरचा डबा घेऊन, एकदा पाठ दुखते हे सांगायला. टेकडीच्या उतारावर खणलं मी. दगड वेचले मी. अॅस्परॅगस लावला मी, आणि मुळं नीट धरू देत म्हणून तीन वर्षं त्याचा एक कोंबही खायला कापला नाही. जानेवारीत हा उठून त्या नेरिसकडे राहायला गेला, आणि मळाही त्याच्याबरोबर गेला!

"हवा असेल तर यादी आहे. अर्ज भर," म्हणाला मर्विन.

भरला. मीच खणलेल्या जमिनीसाठी, यादीत सगळ्यांच्या शेवटी.

५ मार्च

माझे रबरी बूट तिथल्या खोपटात राहिले. आता तेही क्लाइव्हचेच म्हणायचे का?

२१ मार्च

मर्विन दुकानात भेटला. मी तोंड फिरवलं. तो पावांच्या फळीआडून माझ्यामागे.

"ऐकून तरी घे, बाई. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरात पाहणी असते. तण माजलेलं दिसलं की नोटीस. पुढच्या पाहणीलाही तसंच, तर तुकडा काढून घेतो आम्ही. यादीतल्या लोकांना खालचे सपाट तुकडे हवेत, नळाजवळचे. अकरा नंबरपर्यंत चढायला कोण तयार आहे? येईल तो तुझ्याकडेच."

"मग?"

"मग काही नाही. फक्त तू हात लावू नकोस. एक वाफा जरी खुरपलेला दिसला, तरी क्लाइव्ह कसतोय असं धरतात."

म्हणजे माझा मळा मला हवा असेल, तर तो डोळ्यांदेखत मरू द्यायचा. वा!

१९ एप्रिल

कुंपणाबाहेरून बघून आले. अॅस्परॅगसचे कोंब वर आलेत, आणि पांढऱ्या फुलांचा तो मेला वेल त्यांच्या गळ्याभोवती. हात नुसते शिवशिवत होते. जाळीतून बोटं घातली आणि परत काढली.

आयुष्यात तणासाठी कधी प्रार्थना केली नव्हती. आज केली. वाढ रे बाबा, आणखी वाढ. आणि घरी येऊन रडले.

४ मे

कुणीतरी खुरपलंय!!

अॅस्परॅगसचा वाफा लख्ख. कडेचं गवत काढलंय. आणि त्या गवताबरोबर माझा लसूण! शरद ऋतूत मी लावलेला, चांगला वीतभर आलेला — गवत समजून सगळा उपटून ढिगावर टाकलाय. लसणाची पात ओळखता येत नाही!

क्लाइव्ह नव्हे. त्याची कंबर बिअर उचलायलाच वाकते. ही नेरिसच. आयत्या बिळावर नागोबा! आधी नवरा उपटला, आता लसूण. खरं सांगायचं तर आज मला लसणाचाच राग जास्त आला.

११ मे

मर्विनच्या दारात जाऊन भांडले. "ज्याच्या नावावर आहे तो फिरकतही नाही, दुसरंच कुणी राबतंय. हे चालतं का?"

"घरातल्या माणसाने काम केलं तर चालतं, ग्लेनिस. धरतात ते नाव असलेल्याच्याच खात्यात."

"बारा वर्षं मी तेच करत होते!"

"तेच तर," म्हणाला. आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ जून

पाहणी झाली. अकरा नंबर पास. 'सुधारणा दिसते' म्हणे! आज शाळेत कस्टर्ड करपवलं. पोरांनी निमूट खाल्लं.

१५ जून

गेलेच शेवटी. म्हटलं, दोन शब्द सुनवूनच येऊ. शिव्या तयार होत्या, चढावर पाठ करतच गेले.

पाऊस. नेरिस गुडघे टेकून बसलेली, केस तोंडावर चिकटलेले. आणि पायात माझे बूट!

"ते बूट माझे आहेत," मी कुंपणावरून ओरडले. एवढंच निघालं तोंडातून.

ती दचकून उठली. "क्लाइव्ह म्हणाला, कुणाचे तरी जुने पडलेत, घाल." तिथल्या तिथे काढले आणि वरून माझ्याकडे दिले. चिखलात मोज्यांवर उभी.

"तो कुठाय?"

"घरी. त्याची पाठ..."

"ती पाठ मला सांगू नकोस!"

तिने तोंडावरचे केस मागे सारले. मग अॅस्परॅगसकडे बोट दाखवून म्हणाली, "हे उंच झिपरं काय आलंय? उपटून टाकू?"

"हात लावशील तर याद राख!" खालच्या रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मग सांगावंच लागलं — आता कापायचं नाही, असंच वाढू द्यायचं, त्यातूनच मुळांना पुढच्या वर्षीचं बळ मिळतं. दांडे पिवळे पडले की मग छाटायचे. ती मान डोलावत ऐकत होती.

"लावला कुणी हा?" तिने विचारलं.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मीच लावला."

मी बूट उचलले आणि निघाले. एक शिवी द्यायची राहिली ती राहिलीच. वर शिकवणी देऊन आले! मूर्ख मी.

२० जुलै

नेरिस शाळेच्या दारात. भर दुपारी, जेवणाची भांडी घासून मी बाहेर पडते तेव्हा.

"मर्विनने सगळं सांगितलं," म्हणाली. "मी पंधरा दिवस तिकडे गेलेले नाही. जाणारही नाही."

"क्लाइव्हला सोडलंस?"

"क्लाइव्हला नाही. खुरपणं सोडलंय."

आभार तर मी मानणार नाही!

८ ऑगस्ट

अकरा नंबरला नोटीस लागली. क्लाइव्हने म्हणे ती वाचलीदेखील नाही.

२९ सप्टेंबर

मिळाला! वेल खोपटाच्या छपरावर चढलाय, वाफे दिसत नाहीत, आणि तुकडा माझा. उद्या सही.

फाटकापाशी नेरिस उभी होती. हातात पिशवी. "तुझा लसूण मी उपटला ना," म्हणाली, "लावणीचा आणलाय. मी आले तर चालेल का अधूनमधून? मला तिथे बरं वाटायचं."

आठ महिन्यांचा राग एकदम वर आला. म्हटलं, "यादी आहे ना. अर्ज भर."

पिशवी खांबाला अडकवून ती गेली.

३० सप्टेंबर

मळ्यावर मर्विनने वहीत माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "खाली दुसरं कुणाचं?"

"दुसरं कसलं?"

"एका तुकड्यावर दोन नावं चालतात. पहिल्यापासून. तेव्हा क्लाइव्हलाही विचारलं होतं, बायकोचं घालू का. म्हणाला, कशाला, ती काय, काम करायला आहेच."

मी पेन खाली ठेवलं. त्याला म्हटलं थांब, आणि तशीच टेकडी उतरून नेरिसच्या घरी गेले. दार क्लाइव्हने उघडलं. कमरेवर हात.

म्हटलं, "माझं तुझ्याशी काम नाही. नेरिसला बोलव. तिची सही हवी आहे."