देवापुढचा डबा

५ जानेवारी, सोमवार
तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. डॉक्टरीणबाईंनी आकड्याभोवती गोल केला, तोही दोनदा. म्हणाल्या, सोमनाथराव, सहा एप्रिलला पुन्हा बघू. साडेसातच्या खाली आली नाही तर इन्सुलिन.

म्हणजे सुई. रोज. स्वतःच्या पोटात, स्वतःच्या हाताने.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला सुईची भयंकर भीती वाटते. ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. विमानाचा पार्ट रिजेक्ट करताना हात थरथरला नाही. पण धनुर्वाताच्या इंजेक्शनला दोनदा चक्कर येऊन पडलोय.

निर्धार : आजपासून गोड बंद. गोळ्या वेळेवर.

६ जानेवारी
उज्वलाने साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही!

संध्याकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. खजूर, मनुका, अंजीर, डिंक, बदाम यांचे लाडू. साखर शून्य. करणारी बाई पासष्टची, दिसते पन्नाशीची. एकदम लक्षात आलं. शत्रू साखर आहे, गोड नव्हे! निसर्गाने दिलेलं माणसाला बाधेल कसं?

निर्धारात दुरुस्ती : फक्त साखर बंद.

११ जानेवारी, रविवार
दिंडोरीहून मेहुणे कारभारी आले. स्वतःच्या बागेतल्या पाच किलो मनुका आणल्या. म्हणाले, खाऊन तर बघा दाजी, लय गोड हाय. उज्वलाने भावाकडे असं काही बघितलं की तो अर्धा चहा टाकून उठला.

पहिली बॅच. मिक्सरचं पातं तुटलं. खजुरात एक बी राहिली होती. एकतीस वर्षांत माझ्या नजरेतून सुटलेली पहिलीच वस्तू. दोष अर्थात पॅकिंगवाल्यांचा.

१४ जानेवारी, संक्रांत
दुसरी बॅच, खलबत्त्यात कुटून. चाळीस लाडू. प्रत्येक बरोबर पंचवीस ग्रॅम, काट्यावर मोजलेला. चार खाऊन तपासले. दहा टक्के सॅम्पल काढायचं असतं, नियमच आहे.

उज्वलाने उरलेला डबा माळ्यावर टाकला. म्हणाली, साखर काय अन् मनुका काय, पोटात गेल्यावर सगळं एकच. हिला विज्ञान कोण समजावणार?

१५ जानेवारी, गुरुवार
तोडगा सापडला.

डबा माळ्यावरून काढला, देवापुढे ठेवला, वर तुळशीचं पान, आरती केली. झाला प्रसाद! प्रसादाला नाही म्हणायचं नाही आणि प्रसाद टाकायचा तर मुळीच नाही, हा सासूबाईंचा कडक नियम. उज्वला लहानपणापासून पाळते.

तिने डब्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन लाडू माझ्या हातावर ठेवले आणि डबा आपल्याकडे घेतला. रोज दोन, म्हणाली. जिंकलो!

२९ जानेवारी, गुरुवार
आता दर गुरुवारी बॅच. समोरच्या तानुबाईंनाही प्रसाद जातो. गेल्या खेपेला म्हणाल्या, दाढ दुखते. आज आरती सुरू होताच त्यांचं दार बंद झालं. बिचारीची दाढ फारच ठणकत असणार.

५ फेब्रुवारी
उज्वला चार लाडू घेऊन गल्लीच्या तोंडावरच्या गाईकडे गेली. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिथला रिक्षावाला हसला म्हणे. पंचवटीतल्या गाईंना भाजीबाजारातला पाला खाऊन खाऊन चवच राहिलेली नाही.

उरलेला प्रसाद गोदावरीत सोडू का, असं तिने विचारलं. मी सरळ नाही म्हणालो. नदी म्हणजे काय कचराकुंडी आहे? चांगला अर्धा तास समजावलं. तिने चारही लाडू परत डब्यात ठेवले.

१९ फेब्रुवारी
महत्त्वाचं निरीक्षण. गुरुवारी भरलेला डबा बुधवारी रिकामा. मी तर रोज दोनच खातो, मोजून मिळतात. म्हणजे बाकीचे उज्वला खाते! आवडलेत, पण तोंडाने कबूल करायची नाही. तीस वर्षांच्या संसारात तिने माझं कधी कौतुक केलंय?

उत्पादन वाढवलं. आजपासून साठ.

९ मार्च
उज्वला रोज संध्याकाळी मला गोदाघाटापर्यंत चालवत नेते. पाय ओढत जातो, पण जातो. हल्ली तीच मध्ये थांबते. बाटलीभर पाणी जातानाच संपवते. ऊन वाढलंय.

१९ मार्च, पाडवा
पुण्याहून हर्षालीचा फोन. बाबा, आईला ते लाडू खायला लावू नका, दोन वर्षांपूर्वी तिचाही आकडा काठावर होता. मी लेकीला निसर्ग समजावून सांगितला. मीटिंग आहे म्हणून तिने फोन ठेवला. आजकालच्या मुलांना ऐकून घ्यायला वेळ नाही.

२ एप्रिल, गुरुवार
चार दिवस राहिले. इन्सुलिनची सुई चार मिलिमीटरची असते असं वाचलं. स्टीलच्या पट्टीवर चार मिलिमीटर बघितले. केवढं असतं ते! जेवण गेलं नाही.

बॅच केली. सॅम्पल घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. टेन्शनमध्ये तीन गेले.

लॅबमध्ये नवरा-बायकोचं पॅकेज आहे. उज्वलाचंही रक्त देऊन टाकू. तिचा रिपोर्ट उत्तम येणार. माझ्या लाडवांना सर्टिफिकेटच!

४ एप्रिल
रक्त दिलं. मला आडवं व्हावं लागलं. उज्वलाने उभ्या उभ्या दिलं आणि माझ्या चपला शोधून आणल्या.

६ एप्रिल, दुपारी १२.१०
७.३! सुटलो! वेटिंग रूममध्ये तिघांना लाडवांची कृती सांगितली. एकाने लिहून घेतली.

१२.४०
उज्वलाचा ७.१. दोन वर्षांपूर्वी ५.९ होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाता? ती म्हणाली, लाडू. किती? रोज सहा-सात. बाईंनी पेन खाली ठेवलं. एवढे का? माझ्याकडे न बघता म्हणाली, डब्यात राहिले असते तर ह्यांनी खाल्ले असते. देवापुढचं टाकायचं कुठे? गाय खात नाही, शेजारीण दार उघडत नाही, नदीत हे सोडू देत नाहीत. मग दोन ह्यांना द्यायचे आणि बाकीचे मी संपवायचे.

माझा आकडा कशाने उतरला, मी विचारलं. गोळ्या आणि चालणं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लाडवांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

संध्याकाळी
मला लाज वाटली. अजून वाटतेय.

तिला गोळ्या सुरू झाल्या. शिवाय रोज सकाळी अनशापोटी बोटाला सुई टोचून साखर बघायची. छोटं मशीन दिलंय. मी टोचीन, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिने दोनदा विचारलं, नक्की? नक्की म्हणालो.

७ एप्रिल, सकाळी ६.५०
साडेसहाला तिने बोट पुढे केलं. मी डोळे मिटले. ती म्हणाली, अहो, उघडे ठेवा, बोट माझं आहे. टोचलं. तिने हूं की चूं केलं नाही.

पुढचं तिने सांगितलं तसं लिहितो. मी जमिनीवर होतो. तिने मला खुर्चीत बसवलं, पंखा लावला, पाणी पाजलं. तोवर थेंब बोटावरच वाळला. आकडा आलाच नाही.

डब्यात तेवीस लाडू आहेत. दोघांनाही चालत नाहीत.

परत टोचायचं आहे. दुसरं बोट पुढे करून ती समोर बसलीय. हे एवढं लिहून घेतो, मग टोचतो, असं तिला सांगितलंय.