माझ्यामागं सुभेदारचं काय

५ जानेवारी, सकाळी ९
मरायचा माझा काही विचार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. वय एकोणसत्तर, पण तब्येत पन्नाशीची. काल मित्र अमृतरावांच्या तेराव्याला गेलो. त्यांची मांजर दारात बसून, आणि सुना तिला झाडूनं हाकलून राहिल्या. जेवण गेलं नाही. घरी येऊन सुभेदारकडं बघितलं. हे कुत्रं माझ्याशिवाय आठ दिवस जगणार नाही. बंदोबस्त करणार. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं बंदोबस्तच केला. आठवड्याचं काम.

९ जानेवारी
वकील ज्योत्स्नाबाईंकडं गेलो. घर सुभेदारच्या नावे करा म्हणालो. कुत्र्याच्या नावे काही करता येत नाही म्हणाल्या. सांभाळणारा नेमा, त्याची सही आणा. सोपं आहे. उदगिरात लोक रांग लावतील.

१४ जानेवारी
सुकन्या लातूरहून आली. तिळगुळाबरोबरच विषय काढला. "बाबा, फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही. तुम्ही आधी शुगर तपासा." विषय शुगरचा नव्हता. पोटची पोर, पण बाद.

२१ जानेवारी
चुलतभाऊ रामलिंगच्या शेतात सुभेदारला ट्रायलला ठेवलं. चार वाजता फोन. "घेऊन जा, दादा. कोंबडी खाल्ली त्याचं काही न्हाई. पण बाजेवरून उठूनच न्हाई राहिला. मी उभ्यानं जेवलो." रामलिंगला अधिकाऱ्यांची सवय नाही. बाद.

२ फेब्रुवारी
ठरलं. शेजारचा मल्लिनाथ सोडून कुणीही चालेल. नालीच्या पाण्यावरून नऊ वर्षं बोलणं बंद आहे. 'मल्लिनाथला कुत्रं देऊ नये' हे वेगळं कलम घालणार. वकीलबाई म्हणाल्या, गरज नाही. मी म्हणालो, आहे.

११ फेब्रुवारी
हर्निया. लातूरला ऑपरेशन, चार दिवस. किरकोळ. सुभेदारसाठी सतरा सूचना लिहून कामवाल्या सगुणाबाईकडं दिल्या. तिला वाचता येत नाही म्हणून दोनदा वाचून दाखवल्या. दुसऱ्यांदा ती भांडी घासत होती.

१६ फेब्रुवारी
परत आलो. घरी कुत्रं नाही. सगुणाबाई म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून उडी टाकली की." सुभेदार मल्लिनाथच्या ओट्यावर, ताकात भिजवलेली ज्वारीची भाकरी खाऊन राहिला होता. मी हाक मारली. त्यानं बघितलं, शेपूट हलवली, उठला नाही. अशक्तपणा असणार.
मल्लिनाथ नऊ वर्षांनी बोलला. "झालं का आपरेशन?"
मी "हाव" म्हणालो. जास्त बोललो नाही.

२४ फेब्रुवारी
सुभेदार रात्री माझ्याकडं, दिवसभर तिकडं. आज ठणकावून सांगायला गेलो. चहा घ्यावा लागला. मल्लिनाथ म्हणाला, "कस्तुरा गेल्यापासून दिवसभर बोलायला कुणीच नव्हतं. हे बसून ऐकतं तरी."
कस्तुरा म्हणजे त्याची बायको. मी कप खाली ठेवला. मग सहीचं विचारलं. "करतो की," म्हणाला. नालीचा विषय कुणीच काढला नाही. चूक त्याचीच होती.

५ मार्च
दोघं वकीलबाईंकडं. बाईंनी मल्लिनाथला वय विचारलं.
"ब्याऐंशी."
बाईंनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्ही यांच्या आधी गेलात तरच हा कागद कामाचा."
मल्लिनाथ खाली मान घालून बसला, त्याचाच गुन्हा असल्यासारखा. मी ठणकावून सांगितलं, लिहा. ह्यांना काही होत नाही. ह्यांची जिम्मेदारी माझी. उद्यापासून रोज दोन किलोमीटर चालवणार, तूप बंद, शंभरी गाठायला लावणार.

६ मार्च, सकाळी ८
निघालो. चौकापर्यंत मीच पुढं होतो. तिथं मला दम लागला, रसवंतीच्या बाकावर बसलो. मल्लिनाथनं हाताला धरून परत आणलं. सुभेदार पुढं चालला होता, सरळ मल्लिनाथच्या घराकडं. मीही तिकडंच गेलो. भाकरी चांगली होती.