शिवलेला ओठ

हिवरखेड, २० मे १९५७

आले बाई एकदाची सासरी. अमरावतीहून अकोला, तिथून अकोट, आणि पुढे छकड्यात बसून हाडं खिळखिळी. शालूवर इतकी धूळ बसली, की त्याचा रंग कोणता होता हे मलाच आठवेना. पण मळा दिसला आणि शीण गेला. केळी, वांगी, मिरच्या, विहिरीवर मोट चालू, आणि घर मळ्यातच. मी माळ्याचीच पोर, पण बाबा पडले मास्तर, त्यामुळे वांगं मी आजवर पिशवीतूनच बाहेर काढलेलं. झाडाला लागलेलं पाहून हरखले, तर जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

घरात माणसं थोडी. सासूबाई पार्बताबाई, त्यांना सगळे आत्याबाई म्हणतात. मोठे दीर चार वर्षांमागे साप चावून गेले, त्यांच्या मागे या जाऊबाई, पंचफुला. आणि आमचे हे, गोवर्धनराव. यांचा आवाज मोठा आणि मन लोण्याचं, असं माझं तूर्तास मत आहे.

आत्याबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. वरच्या ओठावरच्या रेघेशी त्यांची नजर थांबली. लग्न ठरताना बाबांनी सांगितलं होतंच, की पोर लहानपणी पाट्यावर पडली. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, की जखम चांगली भरली, कोन्या जानत्या हातानं बांधली असन.

जानत्या हातानं तर खरंच. मुंबईच्या दवाखान्यात, दोनदा.

जाऊबाईंचं माहेर दर्यापूरकडचं आहे म्हणे. माझी पहिली अकरा वर्षं दर्यापूरलाच गेली, फाटक्या ओठानं, आणि शाळेतली पोरं मला ससा म्हणायची. पण जाऊबाईंचं गाव दूर, तिकडच्या खेड्यातलं. उगाच कशाला भ्यायचं.

२ जून

मळ्यात विहिरीमागे एक लहानसा वाफा आहे, पांढऱ्या शेवंतीचा. वांगी पाण्याला तरसतात आणि आत्याबाई स्वतः घागर नेऊन त्या शेवंतीला घालतात. मी म्हटलं, फुलं आली की अकोटच्या बाजारात चांगली जातील. आत्याबाई म्हणाल्या, थे फुलं इकत नाई, देवाले वाहत नाई, थे आपले नोयेत. कोणाचे मग, हे विचारायची माझी प्राज्ञा झाली नाही.

काल यांनी ओठावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, पडली तवा लय रडली असशील नं. सांगून टाकावं असं इतकं वाटलं. ओठावर आलं होतं. पण मला आठवली यांच्या चुलतभावाची गोष्ट. त्याच्या बायकोच्या पाठीवर कोड निघालं, माहेरच्यांनी लपवलेलं. तिला पहिल्याच महिन्यात छकड्यात बसवून परत पाठवली. जाऊबाईंनी ही गोष्ट भाकरी थापता थापता सांगितली, अगदी सहज. म्हणून मी यांना म्हटलं, हो, खूप रडले होते.

१९ ऑगस्ट

दिवस गेलेत. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. यांनी बाजारातून पेढे आणले आणि निम्मे वाटेतच खाल्ले.

सगळे खूश, आणि मी मात्र रात्रंदिवस एकच विचार करते. ओठ शिवून घेतला, रक्त कुठे शिवून घेतलं? मुंबईच्या डॉक्टरनं आईला सांगितलं होतं, की हे घराण्यात पुन्हा येऊ शकतं. लेकराचा ओठ फाटका निघाला, तर हे लोक आधी माझ्या ओठाकडे पाहतील. मग बाबांचं खोटं, माझं खोटं, सगळं एका क्षणात बाहेर. परत पाठवतील. माझ्यापाठची बहीण इंदू आहे, तिचं लग्न अकोल्याला जठारपेठेत जमत आलंय. तिचंही मोडेल.

आज सांगू, उद्या सांगू, असं करते. आई असती तर तिनं दोन शिव्या घालून मार्ग काढला असता.

३० ऑक्टोबर

कार्तिकी पुनवेला चंद्रग्रहण आहे, संध्याकाळी दिवेलागणीलाच. आत्याबाईंनी आत्तापासून बजावायला घेतलंय. पोटुशीनं हलायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, पिळायचं नाही. नाहीतर लेकराचा ओठ चिरतो. जाऊबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं शकुन, हेच तर पाहिजे! लेकरू फाटक्या ओठाचं निघालंच, तर दोष ग्रहणाला जाईल. सून मूर्ख ठरेल, अवचिंदी ठरेल, दोन दिवस बोलणी खाईल. पण लबाड ठरणार नाही. मूर्ख सुनेला कोणी छकड्यात बसवून परत पाठवत नाही.

इतकी हलकी मी लग्नानंतर पहिल्यांदाच झोपेन आज.

७ नोव्हेंबर

केलं.

चंद्र उगवला तोच खालून कुरतडलेला. मला माजघरात पाटावर बसवून आत्याबाई बाहेर जप करत होत्या. मी हळूच विळी ओढली आणि वांगं चिरायला बसले. लपूनछपून केलं तर काय उपयोग, म्हणून दार उघडंच ठेवलं आणि बांगड्याही वाजवल्या. आत्याबाई आत आल्या. मला वाटलं ओरडतील, थोबाडीत देतील. मी तोंड तयारच करून ठेवलं होतं, भोळं, चुकलेलं.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्यापुढची विळी बाजूला सारली, चिरलेल्या फोडी एकेक करून वेचल्या आणि खाली बसून माझे पाय चेपायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला शरम वाटली, पण थोडीच.

२४ नोव्हेंबर

आत्याबाईंची माया उतू चाललीय. पानात तूप, निजताना दूध, मला घागर उचलू देत नाहीत. बोलणं एकही खाल्लं नाही. मीच जाऊबाईंना म्हटलं, की ग्रहणाचं तर सगळे विसरलेच की. जाऊबाईंनी निवडायची भाजी पुढ्यात ओढली.

मग सांगितलं. त्यांनाही एक लेकरू झालं होतं, मुलगा, ओठ चिरलेला. पोटुशी असताना ग्रहणात त्यांनी काकडी कापली होती. इथली समजूत अशी, की ग्रहणाचं लेकरू राहूचं असतं. जन्मताच त्याचं त्याला परत करायचं. जाऊबाईंनी पाय धरले, तेव्हा मोठ्या दिरांनी आठ दिवस मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांतच त्यांना मळ्यात साप चावला. राहू आपलं सोडून घरचं घेऊन गेला, असं आत्याबाई म्हणाल्या. दिराला जाळून आले, आणि त्याच दिवशी लेकरू परत केलं.

परत केलं म्हणजे काय, असं मी विचारलं. त्यांनी विहिरीमागे पाहिलं, शेवंतीकडे. शेवंती भरून फुलली आहे. हे मला न रडता सांगत होत्या, भाजी निवडता निवडता.

२५ नोव्हेंबर

यांना विचारलं. म्हणाले, जुन्या गोष्टी आहेत, तू मनाले लावून घेऊ नको. खोटं आहे म्हणाले नाहीत.

३ डिसेंबर

आज धीर करून आत्याबाईंजवळ विषय काढला. भीतभीत म्हटलं, एखाद्याचा ओठ जन्मतःच तसा असतो, रक्तातून येतो, त्याचं काय? आत्याबाई हसल्या. देवघराजवळच्या सासऱ्यांच्या तसबिरीकडे बोट केलं. मिशा झुपकेदार, मी नेहमी पाहते. म्हणाल्या, तुया सासऱ्याचा ओठ बी फाटकाच होता, मिशीखाली कोनाले दिसे नाई. जन्माचा ओठ येगळा, ग्रहणाचा येगळा. जन्माचा असला तं थे घरचं लेकरू; त्याले मी चांदीच्या वाटीत दूध पाजलं असतं.

मी तिथेच त्यांच्या पायांवर पडले. सगळं सांगितलं. दर्यापूर, ससा, मुंबई, टाके, पाट्याचं खोटं. विळी मुद्दाम घेतली तेही सांगितलं.

त्यांनी मला उठवून जवळ घेतलं, रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, पोरी, पंचफुला बी असंच म्हने, का काकडी मी कापलीच नाई. लेकरापायी माय काय बी बोलते. तुया बापानं मले देवासमोर सांगतलं, का पाट्यावर पडली. आन् चिरताना म्या माया डोयानं पाह्यलं.

बाबा येतील. संक्रांतीला येतील. ते खरं सांगतील. एका शब्दाचं काम आहे.

१५ जानेवारी १९५८

बाबा आले होते. तिळगूळ, ओटीचं खण-नारळ, नवं जरीचं टोपडं. आधी मळ्यात गाठून त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी विचारलं काय, तर आत्याबाईंना मी किती सांगितलंय. इंदूचं पक्कं झालंय, फाल्गुनात लग्न. माझ्या ओठाची बोंब जठारपेठेत पोचली तर तिच्या सासरचे दारातून परत जातील. शिवाय शिकले-सवरलेले आपण, या अडाणी बायांच्या गोष्टी काय खऱ्या धरायच्या, असंही म्हणाले. मला समजावत होते. पाचवीच्या वर्गाला समजावतात तसं.

आत्याबाईंनी त्यांना तसबिरीपुढे उभं केलं. पंजाबराव, खरं सांगा, म्हणाल्या. पोरीचा ओठ जन्माचा का पडल्याचा? त्यांचा आवाजही कापत होता. मला वाटतं, त्यांनाही जन्माचाच हवा होता.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. पाट्यावर पडली म्हणाले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला न्यायला आले होते. आत्याबाई म्हणाल्या, हे लेकरू या मळ्याबाहेर जन्माले येनार नाई. बाबा हो म्हणाले. छकडा ओढ्यापलीकडे जाईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी

मी यांच्याजवळ रडले, भांडले, पाया पडले. म्हटलं, मला अकोल्याच्या दवाखान्यात दाखवा, डॉक्टर टाके पाहून जन्माचा ओठ ओळखेल. हे म्हणाले, माया भाऊ आठ दिवसांच्या मायेनं गेला. मले बी मरायचं हाय का?

मग माझ्या पोटावर हात ठेवून झोपले. पोर आतून हललं, तर हसले झोपेत.

३ मार्च

ओढ्यापर्यंत गेले होते. पळायचं म्हणून. जाऊबाई मागून आल्या आणि माझा हात धरून परत आणलं. जोर लावला नाही. धरला फक्त. आता मोरीत जाते तरी त्या बरोबर.

२ एप्रिल

हे शेवंतीशेजारी खड्डा खणत आहेत. बाळंतपणानंतरची वार पुरायला, असं आत्याबाई म्हणतात. वार सगळेच पुरतात. पण हे गुडघाभर उतरलेत आत —

सुईण सुंदराबाई येऊन बघून गेली. डोकं खाली आलंय म्हणाली. जाऊबाई ओसरीवर खडेमीठ कुटत आहेत. इतकं मीठ. वारेला मीठ कशाला —

५ एप्रिल

दुखतंय पाठीत. देवा, ओठ फाटका नको. धड असू दे. धड असला तर काय म्हणतील? मग काही म्हणता येणार नाही. धड असू दे, धड —

६ एप्रिल

मुलगी.

ओठ धड आहे. सुंदराबाईनं दिव्याजवळ नेऊन दाखवला. अख्खा, गुलाबी, एक रेघ नाही. मी हसले की रडले कळत नाही. सगळं उगीच होतं. माझी भीती उगीच, वांगं उगीच, सगळं —

प्यायली माझं. थोडंसं. जोरात ओढते.

तोच दिवस

आत्याबाईंनी मांडीवर घेतली. मुके घेतले. आता सुटलो, असं मी म्हणाले. त्या रडत होत्या. म्हणाल्या, दिसलं असतं तं बरं होतं वो. लपून आलं हाय. लपून येते थे घराले खाते.

धड आहे ती, मी ओरडले. धड आहे, बघा, धड —

आंघोळीला नेते म्हणाल्या. सुंदराबाईनं सूप उचललं. सुपात ठेवली. टोपडं बाबांनी आणलेलं.

मला उठता येत नाही. पाय नाहीत जणू. जाऊबाई दारात बसल्या आहेत, पाठ माझ्याकडे. मी त्यांना ओरडून सगळं सांगितलं पुन्हा, दर्यापूर, शाळा, पोरं मला काय म्हणायची —

ससा, असं त्या म्हणाल्या. माझ्या आधी.

मग वळल्या. शांत होत्या. म्हणाल्या, मामाच्या घरी येत होती मी दर्यापूरले, तुमच्या शाळेसमोर. मले पयल्याच दिवशी ओळखू आलं होतं. मी म्हटलं, मग सांगा, अजून सांगा, तुमचं ऐकतील, धावा, मी पाया पडते —

मायं नाई राहू देलं, म्हणाल्या. तुयं काहून राहावं?

आणि पुन्हा पाठ फिरवली.

विहिरीमागे रडते आहे. ऐकू येतंय इथपर्यंत. यांचा आवाज नाही. कोणाचाच नाही. फक्त तिचा. रड माझे बाय, रड, थांबू नको, मी सरकते आहे दाराकडे, हातांवर, तू रडत राहा म्हणजे मला कळेल कुठे, रड, अजून रडते, अजून —