शाळेसमोरची वाकडी रेष

३ मार्च
बावीस वर्षं रस्त्यावर पांढरे पट्टे मारतोय. आज पहिल्यांदाच मुकादम ओरडला — "ही रेष आहे की गांडूळ?" मला तर ती एकदम सरळ दिसत होती! वाकडी दिसत होती ती दोरी. म्हणून तर दोरी सोडली आणि सवयीने डावा डोळा मिटून नुसत्या नजरेवर मारत गेलो. शाळेच्या फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत.

४ मार्च
उजवा डोळा मिटून परत पाहिली. गांडूळच आहे.

९ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. थेंब घातले, फोटो काढले. "पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. कोरॉइड म्हणतात त्याला. तुमच्या उजव्या डोळ्यात तो पाझरतोय. पाणी पडद्याखाली साचलंय, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं. ताण घेता का फार?"
घेतो म्हटलं. पट्टा सरळ यावा म्हणून.
त्या हसल्या. मला नाही हसू आलं. दोन-तीन महिन्यांत बहुतेक आपोआप सुकेल म्हणे. तोवर नोकरी राहील का, ते काही त्यांच्या यंत्रात दिसत नाही.

२ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. आता नारळ मिळणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तर साहेब खुर्चीतून उठले! शाळेसमोर गाड्या गोगलगाईसारख्या जातात — ती रेष बघून ड्रायव्हर गांगरतात. महिनाभरात एक अपघात नाही. "काय डोकं चालवलंत हो!"
डोकं नाही साहेब, डोळा — ओठावर आलं होतं. गिळलं.
आता शहरातल्या सगळ्या शाळांसमोर तशीच रेष. आणि त्या कामाचा प्रमुख मी!

१८ मे
पाणी सुकलं. डॉक्टरीणबाई खूश. मी घामाघूम.

२० मे
सातवी शाळा. मुद्दाम वाकडी मारायला गेलो — जमेना! हात आपला सरळच जातो. साहेब बघायला आले. "यात ती मजा नाही."
दोरीचं दुसरं टोक धरणारा माझा जोडीदार म्हणाला, "डोळा परत बिघडव की." चेष्टेनं म्हणाला. मी मनावर घेतलं.

२२ मे
ताण हवा. थोरल्या भावाला फोन केला — ये, महिनाभर राहा. बायको बघतच राहिली. "अहो, शुद्धीवर आहात ना?"

४ जून
दादा पहाटे पाचला बासरी शिकतो. एकच सूर. मग चहा पातळ, उशी कडक, खिडकीतून वारा येतो, खिडकी लावली की कोंदट होतं. सगळं बायकोला सांगतो. मी दिवसभर रस्त्यावर — मला कसला ताण! जेवण जातं, झोप लागते. डोळा ठणठणीत.

१९ जून
दादाला इथलं पाणी मानवलंय. आणखी महिनाभर राहणार. बायको हल्ली बोलत नाही. भांडी बोलतात.

२७ जून
बायको म्हणाली, "स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय. सुताराला बोलवा."
मापून पाहिली. तीनदा. सरळ आहे.